किड्यांच्या पंगतीत

आमच्या प्रयोगशाळेत लाल झाकणाचा एक थर्मास होता आणि तो पाहुण्यांनी उघडू नये अशी माझी सक्त ताकीद होती. तरी शहरातल्या सदर भागातून यंत्र दुरुस्त करायला आलेल्या एका गृहस्थांनी तो उघडलाच. उन्हातून आले होते, बिचाऱ्यांना वाटलं चहा आहे. त्यांनी कपात ओतला आणि कोमट पाण्याबरोबर कडुनिंबाच्या पानांसारखे लांबट, चपटे, तपकिरी जीव कपात उतरले आणि कडेकडेने वळवळू लागले. गृहस्थ ओरडले नाहीत. त्यांनी कप अलगद टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि ते निघून गेले. यंत्राची उरलेली दुरुस्ती मग आम्हीच कशीबशी केली.

दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ लिहून मागितले तेव्हा पहिल्यांदा हीच गोष्ट आठवली. पण लिहायला बसले तर त्या थर्मासमागून दुसरंच काहीतरी वर आलं. ते फारसं गमतीचं नाही, पण सांगायचं असेल तर तेच सांगायला हवं.

मी नागपुरात पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परजीवीशास्त्र शिकवत असे. म्हणजे गुरांच्या अंगातले किडे. माझ्या सासूबाई पाहुण्यांना ‘सूनबाई कॉलेजात असते’ एवढंच सांगत आणि लगेच चिवड्याची बशी पुढे करत. त्यांचं चुकत नव्हतं. जेवणाच्या ताटाशी काढावा असा हा विषय नाही. थर्मासमधले जीव म्हणजे यकृतातले चपटे कृमी, ज्यांना आम्ही लोक लिव्हर फ्लूक म्हणतो. माझा प्रयोगशाळेतला सहायक वासुदेव मात्र त्यांना ‘पान’ म्हणायचा. दर आठवड्याला तो कत्तलखान्यात जाऊन म्हशींची रोगट यकृतं तपासून पानं वेचून आणायचा, थर्मासमधल्या कोमट खाऱ्या पाण्यात घालून. आल्यावर झाकण उघडायच्या आधी तो दोन बोटांनी थर्मासवर टिचकी मारायचा. दार वाजवल्यासारखी. काहून म्हणून विचारलं तर म्हणायचा, “सांगून गेलेलं बरं राहते, म्याडम.”

पानाची कथा विचित्र आहे. तळ्याच्या पाण्यात अंडं फुटतं तेव्हा त्यातून निघणाऱ्या जिवाला डोळ्यांचे दोन ठिपके असतात. तेवढ्याच्या आधारावर तो पोहतो, गोगलगाय शोधतो आणि तिच्यात शिरतो. शिरला की डोळे गेले, ते कायमचे. गोगलगायीतून रूप पालटून तो बाहेर येतो, काठच्या गवताला चिकटून बसतो, म्हैस ते गवत खाते. तिच्या आतड्याला भोक पाडून तो यकृताकडे सरकतो, यकृत पोखरत पित्ताच्या नळीपर्यंत पोचतो आणि तिथे वर्षानुवर्षं राहतो. बाहेर म्हैस चरते, रवंथ करते, दूध देते. आत, काळोखात, पित्तात बुडून तो असतो.

आता यकृत म्हणजे अंगातलं विष निवळायची जागा. जगात राहायला इतक्या जागा असताना हा प्राणी नेमका तिथे जाऊन बसतो आणि टिकतो, ते कशाच्या जोरावर, हा माझ्या नोकरीचा प्रश्न होता. त्याचं बरंचसं उत्तर एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये आहे. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे त्याचं नाव, आणि ते उच्चारताना माझीही जीभ अडखळत असल्यामुळे वासुदेवने त्याला चौकीदार करून टाकलं. विष आत आलं की हा चौकीदार त्याच्या गळ्यात एक पाटी अडकवतो आणि त्याला दाराबाहेर काढतो. आपल्याही यकृतात तो आहे, पण आपल्याकडे त्याच्या जोडीला आणखी पुष्कळ राखणदार असतात. पानाची बहुतेक सगळी भिस्त ह्या एकावर. म्हणून जंतांचं औषध दिल्यावर ह्या चौकीदाराचं काय होतं, तो झोपतो की उलट जास्तच सावध होतो, हे आम्ही मोजत असू.

मोजायची रीत सांगते. काचेच्या दोन बशा घ्यायच्या. दोन्हींत कोमट खारं पाणी, दोन्हींत सारखीच पानं. एका बशीत औषध घालायचं, दुसरीत काही घालायचं नाही. ती दुसरी नसेल तर पहिलीला काडीचा अर्थ नाही. काही तासांनी दोन्ही बशांतली पानं वेगवेगळी कुटायची, बर्फावर ठेवायची, गाळायची आणि तो रस यंत्रात घालायचा. मग त्यात एक रसायन घालायचं. त्या रसायनाने माझ्या बोटांच्या बेचक्यांत धरलेली खाज निवृत्तीनंतरही गेलेली नाही. शरीराने एकदा त्याची दखल घेतली की ते विसरत नाही. चौकीदार कामावर असेल तर कागदाच्या गुंडाळीवर यंत्राचं पेन हळूहळू वर चढू लागतं.

वाचताना लक्षात आलं असेल, की तोवर पान उरलेलंच नसतं. ते मेलेलं असतं, कुटलेलं असतं, गाळलेलं असतं. तरी पेन चढतं. घर पाडून माती करावी आणि चौकीदाराने त्याच मातीत उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकावं, तसं. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून भराभर सांगून टाकत असे. ऐन दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, ते पेन खरखरत वर सरकलं की माझ्या अंगावर काटा यायचा आणि तो विद्यार्थ्यांना दिसू नये असं वाटायचं.

एप्रिलमध्ये तर वेगळंच व्हायचं. पानांना म्हशीच्या पोटाइतकी ऊब लागते, त्यासाठी आमची गरम पेटी होती. दुपारी वीज गेली की कूलर बंद, पंखा बंद, पेटीही बंद. पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरून पाणी तापवायला धावले, तर वासुदेव म्हणाला, “राहू द्या म्याडम. त्यायले काही फरक नाही पडून राहिला.” खरंच नव्हता पडत. बशा उघड्या टेबलावर होत्या, खोली म्हशीच्या पोटाइतकी तापली होती आणि पानं आरामात हलत होती. त्या दिवसांत आम्ही त्यांच्या जगात बसलेलो असायचो.

सरूबाई आली ती अशाच एका एप्रिलात. विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प झाला तेव्हा चराईची जमीन गेली, पण कुंपणाबाहेर एक तळं आणि त्याच्या काठचा थोडा ओलावा उरला होता. तिथे ती म्हशी चारायची आणि दूध वस्त्यांमधून घालायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. चार म्हशी, त्याच तिचं घर. सगळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरून पिशव्या लोंबत होत्या आणि भुरी नावाची म्हैस आदल्या दिवशी मेली होती.

“औषध पाजून राहिली होती मी,” ती आमच्या कॉलेजच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगत होती. “पाहा, बाटली आणली. तुमच्याच डाक्टरानं लिहून देल्ली होती. दर महिन्याले पाजली. तरी गेली ना वं माय.”

औषध चांगलं होतं, मुदतीतलं होतं. मी भुरीची चिरफाड करायची परवानगी मागितली. सरूबाईने बराच वेळ तोंडावर पदर धरला, मग म्हणाली, “पाहा. पण बाकीच्यायच्या समोर नोका पाहू.”

भुरीचं यकृत दगडासारखं झालं होतं. पानं निघाली ती वासुदेवने थर्मासमध्ये घातली आणि आम्ही दोन बशा मांडल्या. एकीत सरूबाईच्या बाटलीतलं औषध, दुसरीत नुसतं पाणी. औषधाच्या बशीतली पानं थोड्या वेळाने थांबली. कडा आत वळल्या, पडून राहिली. मी समाधानाने हात धुवायला गेले. परत येते तर वासुदेव बशीपासून दोन पावलं लांब उभा.

“म्याडम,” तो हळूच म्हणाला, “हे मेले नाही जी. सोंग करून राहिले.”

मी वाकून पाहिलं. एका पानाची कड उलगडत होती, सावकाश. मग दुसऱ्याची. थोड्याच वेळात बशीभर पानं हलायला लागली, औषधात.

आम्ही दोन्ही बशांमधली पानं कुटली. साध्या पाण्यातल्या पानांचा रस घातला तेव्हा पेन नेहमीसारखं चढलं. औषधातल्या पानांचा रस घातला तेव्हा ते त्याच्याही वर गेलं आणि कागदाच्या कडेला जाऊन टेकलं. चौकीदार झोपला नव्हताच. औषधाने तो आणखी जागा झाला होता, जणू रोजचा पाहुणा दारात दिसल्यासारखा. एका म्हशीच्या पानांवरून औषध निकामी झालं असं ठाम म्हणता येत नाही, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावलं. पण त्या दुपारी तो कागद हातात घेऊन मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सरूबाईच्या गोठ्यावर गेले. मोगरी, सोनी आणि चांदी, तिघी रांगेत बांधल्या होत्या. मोगरी गाभण होती, दिवस भरत आलेले. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका, आणि तिघींत तीच जास्त खंगलेली. मी विचारलं, “बाटली कशी पाजत होता, मला करून दाखवा.”

सरूबाईने बांबूची नळी घेतली. मोगरीच्या तोंडात थोडं ओतायचा अभिनय केला, मग सोनीच्या, मग चांदीच्या. भुरीच्या रिकाम्या खुंट्याशी तिचा हात क्षणभर थांबला.

“म्हणजे एकीची बाटली चौघींत?”

“मग? डाक्टर म्हणले भुरीले पाजा. पण एकीले पाजायचं अन् बाकीच्यायनं तोंडाकडं पाहात राहायचं, असं कसं होईन? सरकीची ढेपसुद्धा मी कधी एकीले देल्ली नाही. सगळ्यायले सारखं.”

पंगतीला वाढताना एकाला जास्त आणि एकाला कमी वाढणं, हे आमच्या घरीही मोठं पाप मानायचे. आई त्याला पंक्तिप्रपंच म्हणायची आणि तो करणाऱ्याकडे आयुष्यभर वेगळ्या नजरेने पाहायची. सरूबाईने पंक्तिप्रपंच केला नव्हता. तिने औषधाचे सारखे घोट वाटले होते, दर महिन्याला, मायेने. त्या पावघोटाने पान मरत नव्हतं. पण आतल्या चौकीदाराची विषाशी थोडीथोडी ओळख होत होती. जी पानं टिकली ती ओळख असलेलीच टिकली. पंगत म्हशींची होती, पण जेवून शहाणे झाले ते आत बसलेले.

हे मी तिला सांगितलं, जमेल तितक्या सौम्य शब्दांत. तिने विचारलं, “म्हणजे मीच शिकवलं त्यायले?” मी तिच्या हातातली नळी घेऊन भिंतीला टेकवली.

दुसऱ्या जातीचं एक औषध होतं. त्याच्याशी ह्या पानांची ओळख नव्हती. प्रयोगशाळेत त्याचा जो साठा उरला होता तो जेमतेम एका म्हशीला, वजनाप्रमाणे पुरेसा होईल एवढा. बाकीचं मुंबईहून यायचं होतं, आणि कधी येईल ते सांगणाऱ्याचाही फोन लागत नव्हता. मी सरूबाईला स्पष्ट सांगितलं: कोणत्याही एकीला, पूर्ण. वाटून दिलंत तर तिघीही जातील आणि मग माझ्याकडे तिसरं औषध नाही. कोणाला, ते तुम्ही ठरवा.

तिने ठरवायला वेळ घेतला नाही. “मोगरीच्या अंगात दोन जीव हायेत,” म्हणाली. मग आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली. ते तिने दातांनी फाडलं. सोनीच्या डोळ्यांवर एक पट्टी बांधली, चांदीच्या डोळ्यांवर एक.

“आता पाजा,” ती म्हणाली.

ऊन असं पडलं होतं की सावल्या पायाखाली गेल्या होत्या. वासुदेवने मोगरीचं डोकं वर धरलं, मी नळीने औषध ओतलं. गटगट आवाज झाला. त्या आवाजाबरोबर सोनी आणि चांदी, डोळे बांधलेल्या, दोघींनी एकाच वेळी मान वर केली आणि तोंडं उघडून तशाच उभ्या राहिल्या. दिसत काहीच नव्हतं, पण पाळी त्यांना पाठ होती. मोगरीनंतर सोनी, सोनीनंतर चांदी. नळी रिकामी होऊन मी ती खाली ठेवली तरी त्या तशाच होत्या. चांदीची जीभ हवेत काहीतरी शोधत होती. सरूबाई पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी पुष्कळ गुरं मरताना पाहिली आहेत. पण डोळे मिटले की मला अजून दिसतात त्या ह्या दोघी, जिवंत, तोंड उघडून उभ्या.

चांदी त्याच आठवड्यात गेली. तिच्या चिरफाडीसाठी सरूबाईने परवानगी मागायची वेळ आणली नाही, स्वतःच निरोप पाठवला. मुंबईचं औषध चांदी गेल्यावर दोन दिवसांनी आलं आणि सोनी त्यावर वाचली. मोगरी तर वाचलीच आणि त्याच आठवड्यात व्यायली, पारडी झाली.

मी सरूबाईला बजावलं होतं, की मोगरीच्या दुधात औषध उतरलेलं असणार, मी सांगेपर्यंत विकायचं नाही. तर एका दुपारी ती स्टीलचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी. डब्यात खरवस, वेलची घातलेला, थरथरणारा.

“अहो, विकू नका म्हटलं होतं ना?” मी वैतागलेच.

“विकून कुठी राहिली? वाटून राहिली,” ती म्हणाली. प्रयोगशाळेत खाण्याची बंदी मीच घातली होती, तीही त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या लक्षातून गेली.

तिने पळसाची पानं आणली होती. टेबलावर एक माझ्यासमोर ठेवलं, एक वासुदेवसमोर, एक स्वतःसमोर. सारखे तुकडे घातले. मग तिची नजर खिडकीजवळ गेली. तिथे दोन बशा मांडलेल्या होत्या आणि त्यांत चांदीच्या यकृतातली पानं होती. वीज गेलेली, खोली तापलेली, आणि ती हलत होती.

“हे तिच्यातले का जी?”

वासुदेवने मान हलवली.

ती बशीवर वाकली. मला वाटलं आता शिव्या घालेल, थुंकेल, बशी उचलून फेकेल. माझा हात पुढे झालाही होता. मग आणखी दोन पळसपानं काढून तिने एकेका बशीसमोर ठेवली आणि त्यांवर खरवसाचे तुकडे घातले, आमच्याएवढेच.

“सरूबाई, हे काय? ह्यांनीच तर खाल्लं तिला.”

“खाल्लं ना. मंग आता चांदी कुठी हाये? ह्यायच्यातच हाये,” ती म्हणाली. “अन् तिच्या समोर आपण खाऊन राहिलो, हे चांगलं दिसते का?”

वासुदेवने पुढे होऊन दोन बोटांनी टेबलावर टिचकी मारली. आम्ही तिघांनी टेबलाशी बसून खरवस खाल्ला. मी एक तुकडा खाल्ला, खात असताना मला नेमकं ठाऊक होतं की त्यात काय आहे, आणि माझ्या बरगडीच्या आत उजव्या बाजूला माझाही कोणीतरी जागा होऊन पाटी शोधत असणार. चव फार चांगली होती. इतका सुरेख खरवस मी त्यानंतर खाल्लेला नाही.

सरूबाई गेल्यावर काम होतंच. एका बशीत औषध घालायचं, एकीत नाही. मी पिपेट भरली आणि हात थांबला. आयुष्यभर मी जे करत आले ते हेच तर होतं: दोघांना सारखं बसवायचं, एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नुसतं बसवून ठेवायचं. त्याच्याशिवाय शास्त्र होत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पंक्तिप्रपंच केला नसता तर मला भुरीचं रहस्य कळलं नसतं आणि सोनीही गेली असती. मी औषध घातलं. मोजमाप झालं, पेन चढलं, जिथे चढायचं तिथवर.

पण औषध घालायच्या आधी मी कपाटातून काळं फडकं काढलं आणि दुसऱ्या बशीवर टाकलं.

पुढे ती सवयच झाली. ज्या बशीला काही मिळायचं नसे तिच्यावर मी आधी काळं फडकं टाकायची, मगच पहिलीत औषध. निवृत्त होईपर्यंत. माझे विद्यार्थी आता ठिकठिकाणी शिकवतात आणि तेही फडकं टाकतात असं ऐकते. त्यांना वाटतं, उजेडापासून जपायला. मी कधी खुलासा केला नाही. पूर्ण वाढलेल्या पानाला डोळे नसतात, हे त्यांना मीच शिकवलं होतं.